मुंबई ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबई आणि लंडन या दोन शहरांच्या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. एवढे अंतर कापायला किती वेळ लागतो, हे मात्र विमानाच्या वेगाइतकेच वाटेतल्या थांब्यांवर आणि कोणाच्या आकाशातून जायची मुभा आहे यावर ठरत आले आहे.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची टपालसेवा सुरू केली. लंडनच्या क्रॉयडन विमानतळाहून बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोव्हापर्यंत चक्क आगगाडी, पुढे अलेक्झांड्रियापर्यंत समुद्रावर उतरणारे विमान आणि मग पुन्हा जमिनीवरचे विमान, असा हा सात दिवसांचा प्रवास होता. शेवटचा टप्पा इराणच्या किनाऱ्यावरून जाई. इराणने ती वाट बंद केल्यावर १९३२ च्या ऑक्टोबरात मार्ग आखाताच्या अरबी किनाऱ्यावर, शारजाकडे वळवावा लागला.

लंडनची हवाई टपाल कराचीपर्यंत येई. पुढे मुंबईला रेल्वेच. ही उणीव टाटांच्या टपालसेवेने भरून काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा सुमारे २५ किलो टपाल घेऊन एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून कराचीहून सकाळी निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून, डब्यांत भरून आले होते. त्या काळच्या हवाई वाहतुकीची अवस्था याहून नेमकी दुसऱ्या कशातून दिसत नाही. जुहूहून टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याला उतरवावी लागत.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आठवड्याचा प्रवास साधारण एका दिवसावर आला. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आल्यावर वेग जवळजवळ दुप्पट झाला. पुढे पल्ला वाढला, तसे मधले थांबेही गळाले.

आज थेट विमानाला मुंबईहून लंडनला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात. येताना तासाभराची बचत होते, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात. आकाशाच्या मुभेचा प्रश्न मात्र १९३२ नंतरही राहिलाच. २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. अशा वेळी विमाने अरबी समुद्रावरून दक्षिणेकडचा वळसा घेतात. दिल्लीच्या उड्डाणांना याची झळ अधिक बसते. मुंबई किनाऱ्यावर असल्याने तिचा वळसा त्यामानाने लहान.