प्रापंचिकांचा अर्ज

अकोल्याहून वाशीमकडे जाताना वाटेत मेडशी लागते. सन २०२२ च्या फेब्रुवारीत, हरभऱ्याच्या सोंगणीचे दिवस असताना, तेथील एका घराच्या ओसरीवर आम्ही काही कुटुंबांना एकत्र बोलावले होते. पोप फ्रान्सिस यांनी आरंभलेल्या सिनडची प्रश्नावली आमच्या हाती होती. ती वाचून होताच एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "फादर, आम्हाला इचारायची ही पहिलीच येळ म्हनायची का?" मंडळी हसली. आम्हीही हसलो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. परंतु त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपण दिले नाही, ही रुखरुख मनात राहिली. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

विचारण्याची वेळ कदाचित पहिली असेल. सांगण्याची मात्र खचित नव्हे. आपल्या भाषेतील ख्रिस्ती वाङ्मयाचा उगमच मुळी प्रापंचिकाच्या एका तक्रारीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवतो. जुनी पुराणे वाचू नका असे आपण आम्हांस सांगितले, मग त्यांच्या ठिकाणी आमच्या भाषेत वाचायला दुसरे काय दिले, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. सेमिनरीत हा भाग आम्ही भाषेच्या गोडीसाठी वाचला. त्यात धर्मगुरूंना विचारलेला जाब दडलेला आहे, हे ध्यानी येण्यास आम्हांस केस पिकावे लागले. गुरूंनी उत्तरादाखल सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. पुढे १६८४ साली गोव्याच्या राज्यकर्त्यांनी लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. त्या वेळी मात्र प्रापंचिकांना कोणी विचारले नाही.

मुंबईचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे, आणि आमच्या मते अधिक बोधक आहे. गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखालील धर्मगुरूंची निष्ठा पोर्तुगालच्या राजाकडे असणार, या संशयाने इंग्रजांनी १७२० मध्ये त्यांना बेटाबाहेर काढले आणि रोमने नेमलेल्या व्हिकार अपोस्तोलिकांच्या कार्मेलाईट मिशनऱ्यांना चर्चेस सोपविली. एका बाजूस पोर्तुगीज राजाचा 'पाद्रोआदो', दुसऱ्या बाजूस रोमची 'प्रॉपगंडा', अशी ही ओढाताण होती. १७८९ मध्ये कंपनीच्या लंडनमधील संचालकांच्या हुकुमाने सत्ता पुन्हा गोव्याकडे गेली. तेव्हा मुंबईतील अनेक कॅथलिकांनी सरकारकडे अर्ज केला, आणि दोनच वर्षांनी, १७९१ मध्ये, व्हिकार अपोस्तोलिक परतले. आता दुसरा पक्ष अर्ज घेऊन उभा राहिला. अखेर १७९४ साली कंपनीने चर्चेसची चक्क वाटणी केली. दोन भावांनी घराच्या मधोमध भिंत घालावी, तसे एकाच शहरात दोन अधिकार नांदू लागले.

या अर्जदारांविषयी काय म्हणावे? आपल्या चर्चचा कारभार कोणी पाहावा याविषयी आपल्याला मत आहे आणि ते मांडता येते, ही जाणीव त्यांच्या ठायी होती. व्हॅटिकन परिषदेच्या पावणेदोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे, हे विसरून चालणार नाही. परंतु त्यांनी दार ठोठावले ते कंपनी सरकारचे, ज्याला या पवित्र मिस्साशी काडीचे कर्तव्य नव्हते. शिवाय धर्मगुरूंच्या दोन तटांनी आपापले भांडण लोकांच्या तोंडून वदवून घेतले, असा संशय आल्यावाचून राहत नाही. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून वाद इतका चिघळला की बिशप हार्टमन यांनी आपल्या माणसांनिशी स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेतले आणि बाहेर विरोधी पक्षाने वेढा दिला. मुंबईतील हा दुहेरी कारभार १९२८ च्या करारापर्यंत पूर्णपणे मिटला नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. 'ख्रिस्तपुराणा'त विचारणारा ब्राह्मण होता, आणि मुंबईच्या अर्जांवर वजन पडले ते शहरातील प्रतिष्ठितांचे. विदर्भ-मराठवाड्यात ज्या दलित कुटुंबांनी श्रद्धा स्वीकारली, त्यांचा अर्ज कोणत्या दप्तरात आहे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या, आपण आजही बाहेरच आहोत. त्याविरुद्ध सभा-मोर्चे पुष्कळ झाले. पण ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद आहे, हे भारतीय बिशपांच्या दलित सबलीकरण धोरणात स्पष्टपणे कबूल व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. स्त्रियांविषयीचे धोरण २०१० मध्ये आले. कागद झाले, ते धर्मग्रामात किती जणांनी वाचले, हे विचारू नये.

व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांना दिलेले स्थान आपण जाणतोच. 'ख्रिस्तसभा' या विषयावरील दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर झाला. त्यात धर्माधिकाऱ्यांच्या आधी देवाच्या प्रजेविषयीचे प्रकरण येते. अवघ्या अकरा दिवसांनी पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत उतरले. मुंबईने पोपमहोदय पाहिले. दस्तऐवज पोहोचायला मात्र वेळ लागला. १९८३ च्या धर्मसंहितेतील २१२ वे कलम सांगते की, ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत धर्माधिकाऱ्यांना कळविणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि प्रसंगी कर्तव्यही. कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. धर्मग्राम परिषद मात्र बिशपांच्या विचारावर सोडलेली आहे, आणि दोन्हींचे काम सल्ल्यापुरतेच आहे. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी संमत झालेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने अशा परिषदा सक्तीच्या कराव्यात असे सुचविले आहे. आम्ही धर्मगुरू या सूचनेचे तोंडभर स्वागत करतो. परिषदेत आमच्या मताविरुद्ध पाच हात वर झाले की आमचा चेहरा कसा होतो, ते आमच्या लोकांना विचारावे.

मेडशीच्या त्या ओसरीवर शेवटी बायका बोलल्या. वर्गणीचा हिशेब मिस्सानंतर मराठीत वाचून दाखवावा, ही पहिली मागणी. बैठक दुपारी ठेवू नये, मजुरी बुडते, ही दुसरी. लग्नापूर्वीच्या वर्गात शिकविणारी एखादी लग्न झालेली बाई असावी, ही तिसरी. यावर पुन्हा हशा पिकला. चौथी मागणी एका तरुणीने उभी राहून केली. आमची बदली होईल तेव्हा नव्या फादरांना ही वही द्यावी, नाहीतर सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.

हिशेब आता वाचला जातो. बैठका संध्याकाळी होतात. वर्गासाठी अजून कोणी बाई आम्ही नेमलेली नाही. वही आमच्या मेजाच्या खणात आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर त्या वयस्क गृहस्थांचा प्रश्न आम्ही आता लिहून ठेवला आहे.