मुक्त प्रवेश प्रकाशन

संशोधनपर निबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता यावा, अशी प्रकाशनपद्धत. 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने तिला नाव दिले. वाचकाचे पैसे वाचले तरी खर्च कुणाला तरी सोसावाच लागतो; तो लेखकाच्या माथी मारून गल्ला भरणारी नियतकालिकेही फोफावली.

महाराष्ट्रात ही वाट आधी वैद्यकाने पाडली. मुंबईच्या ‘मेडनो’ने डॉक्टरांच्या संघटनांची नियतकालिके इंटरनेटवर खुली केली आणि छापील अंकांची वर्गणीही चालू ठेवली. 2011 मध्ये ती संस्था वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली.

शेतीच्या संशोधनासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 2013 मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले. परिषदेची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था 2009 पासून बारामतीजवळ माळेगाव खुर्दला आहे. तिथल्या खडकाळ, मुरमाड माळावर फळझाडे कशी जगवावीत, यावर मृदाशास्त्रज्ञ, उद्यानतज्ज्ञ आणि जलतज्ज्ञ मिळून काम करतात. असे काम एका विषयाच्या चौकटीत मावत नाही, म्हणून एकमेकांचे निबंध सहज हाती असणे इथे विशेष मोलाचे. इंदापूर तालुक्यातील सणसरच्या ऊसकरी शेतकऱ्यालाही ते वाचता येतात. अडते ते इंग्रजीपाशी. मराठी सारांश सक्तीचा केला, तर हा प्रवेश खऱ्या अर्थाने मुक्त होईल.

1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेली केंद्राची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मात्र वेगळी. तिच्यातून सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिके खुली होतात. त्या संस्थांबाहेरच्या वाचकाला नाहीत.