चांदीपुरा : नागपूरच्या नावाचा विषाणू

विषाणूला गावाचे नाव देण्याची एक जुनी रीत होती. त्या रीतीने नागपूर परिसरातील चांदीपुरा हे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले.

१९६५ साली नागपुरात डेंग्यू व चिकुनगुन्याची साथ चालू होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना दोन रुग्णांच्या रक्तात एक निराळाच विषाणू सापडला. लक्षण म्हणाल तर नुसता ताप. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे या विषाणूकडे कुणी फारशा भीतीने पाहिले नाही.

मग २००३ चा पावसाळा आला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, विशेषतः करीमनगर-वारंगळ भागात, मुलांना अचानक ताप येई, झटके येत, शुद्ध हरपे. काही मुले तर एक-दोन दिवसांतच दगावत. ३२९ मुले आजारी पडली, १८३ गेली. जपानी मेंदुज्वर, डेंग्यू, गोवर यांच्या चाचण्या नकारार्थी आल्या. अखेर सहा रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा झाला, आणि तो निघाला चांदीपुरा!

तरी प्रश्न उरतोच. रक्तात विषाणू सापडला म्हणजे संसर्ग झाला, एवढेच कळते. तो मेंदूपर्यंत पोहोचला होता का, हे रक्त सांगत नाही. ते सांगितले एका मृत बालकाच्या मेंदूतील ऊतींनी. प्रतिदीप्त प्रतिपिंडांच्या चाचणीत तेथे विषाणूचे प्रतिजन दिसले, पीसीआरमध्ये त्याचा आरएनए मिळाला. रुग्णांकडून मिळालेल्या पाच नमुन्यांतील जनुकीय क्रम १९६५ च्या मूळ विषाणूशी ९६.७ ते ९७.५ टक्के जुळला. चार दशके जपून ठेवलेला नागपूरचा नमुना असा कामी आला.

अर्थात वाद मिटला नाही. हा मेंदूचा दाह नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा आघात आहे, असे काही डॉक्टरांनी मेंदूच्या प्रतिमांवरून मांडले. मला त्यांची शंका रास्त वाटते: विषाणू मेंदूत होता हे एका बालकावरून कळते, पण त्याने नेमके काय केले हे ठरवायला आणखी ऊती हव्यात. आणि त्या मागायच्या कुणाकडे? काल अंगणात खेळणारे लेकरू आज गमावलेल्या आईबापांकडे. अशा वेळी नकार मिळाला, तर त्याला अज्ञान म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

२००७ मध्ये ही साथ खुद्द नागपूर विभागात उद्भवली. आजारी मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक दगावली. या विषाणूवर लस अजून नाही, खास औषधही नाही.