मुंबई आणि साष्टीचे जुने नकाशे

मुंबई बेट व त्याच्या उत्तरेचे साष्टी बेट यांचे जुने छापील नकाशे इतिहासाचे अभ्यासक आणि संग्राहक जमवतात. नकाशा ज्या काळचा, त्याच काळी मूळ पाट्यावरून किंवा शिळेवरून छापलेल्या प्रतीला मूळ प्रत म्हणतात. पुढे छायाचित्रावरून काढलेली प्रत कितीही जुनाट दिसली तरी ती प्रतिकृतीच होय.

घाटकोपर कोणत्या नकाशात?

जॉन फ्रायर याच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात मुंबईचा नकाशा आहे. फ्रेंच नकाशाकार बेलँ याचा नकाशा १७६४ चा. कॅप्टन थॉमस डिकिन्सन (१८१२-१६) आणि लॉटन (१८६५-७२) यांच्या मोजण्यांतून शहराचे तपशीलवार नकाशे तयार झाले. मात्र या दोन्ही मोजण्या मुंबई बेटापुरत्या होत्या आणि ते बेट शीव-माहीम येथे संपत असे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही गावे साष्टीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात होती. उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा झाला आणि घाटकोपर महापालिकेच्या हद्दीत १९५० मध्ये आले. त्यामुळे घाटकोपरचा जुना नकाशा ‘मुंबई’ या नावाखाली शोधणाऱ्याची निराशा होते. त्याने साष्टी तालुका, ठाणे जिल्हा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे भूनकाशे पाहावेत. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर (खंड १३) हेही या शोधात उपयोगी पडते.

नकाशे कसे तयार होत

अठराव्या शतकातील बहुतेक नकाशे तांब्याच्या पाट्यावर कोरले जात. कोरणारा कारागीर रेषा व अक्षरे उलटी, आरशात दिसावीत तशी कोरी. खाचांत शाई भरून पृष्ठभाग पुसून घेत आणि ओलसर कागद पाट्यावर ठेवून तो रुळांच्या यंत्रातून जोराने दाबून काढत. चूक झाल्यास पाटा मागून हातोडीने ठोकून तो भाग वर आणत, घासून सपाट करत व पुन्हा कोरत. एकाच पाट्यावरून अनेक वर्षे छपाई होई. मध्येच नावे किंवा तारीख बदलली जाई. म्हणूनच एकाच नकाशाच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. रंग पुढे हाताने भरले जात.

सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शोधलेल्या शिळाछापामुळे काम स्वस्त झाले. चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने रेखाटन करत; शिळा ओली केली की छपाईची शाई फक्त रेखाटनालाच चिकटे. १८६० च्या सुमारास छायाचित्रावरून जस्ताच्या पत्र्यावर नकाशा उतरवण्याची रीत आली. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाचे नाव याच रीतीवरून पडले आहे.

मूळ प्रतीची ओळख

ताम्रपट नकाशाच्या चारही बाजूंना पाट्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो आणि रेषांवरील शाई बोटाला किंचित उंच लागते. शिळाछापात असा दाब नसतो, म्हणून तो नकाशा खोटा ठरत नाही. भिंगातून रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर मात्र ती आधुनिक छपाई. चिंध्यांपासून हाताने केलेला जुना कागद उजेडासमोर धरल्यास पुष्कळदा साच्याच्या तारांच्या रेषा व जलचिन्ह दिसते. तांब्यापासून केलेला हिरवा रंग कालांतराने कागद करपवतो आणि तो तपकिरी डाग मागच्या बाजूस उमटतो. हा पुरावा चांगला असला तरी एकट्याने पुरेसा नाही. दाबाची खूणही नक्कल करता येते.

संग्रह आणि जतन

बाजारात येणारे पुष्कळ सुटे नकाशे जुन्या ग्रंथांतून कापून काढलेले असतात. यात ग्रंथ अपुरा होतोच, शिवाय नकाशाचा मजकुराशी असलेला संबंधही तुटतो. अशी खरेदी टाळणेच योग्य. अभ्यासासाठी मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार व एशियाटिक सोसायटी यांचे संग्रह आहेत. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार ऐतिहासिक मूल्याचे, किमान ७५ वर्षे जुने दस्तऐवज पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत कागदावर तांबूस ठिपके पडतात. त्यामुळे नकाशे आम्लविरहित कागदात, सपाट खणात ठेवतात. त्यांना चिकटपट्टी लावत नाहीत आणि ते प्लायवूडच्या पाठीवर मढवतही नाहीत.