देवी, गोवर आणि घरातील आई



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते इतिहासाचा पाठ संपला की आम्हांला एक काम सांगत : घरातील वृद्ध माणसांना विचारून या, तुमच्या लहानपणी हे कसे होते? आज सत्तरी ओलांडल्यावर तेच काम मी पुन्हा हाती घेतले आहे. मी भाषेचा अध्यापक, वैद्यकाचा नव्हे. म्हणून लहान मुलांच्या अंगावर उठणाऱ्या पुरळाच्या आजारांकडे मी शब्दांच्या वाटेने जाणार आहे.

आपला आदिलाबाद जिल्हा हा भाषांच्या संगमावरचा मुलूख. १९५६ सालापर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते पैलतीरी गेले आणि आपण अलीकडे राहिलो. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली जिल्ह्याचेही चार भाग झाले. सीमा अशा हलत राहिल्या, तरी मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू या भाषा एकाच बाजारात नांदत आल्या. निजामाच्या कचेरीत ज्याला ‘चेचक’ म्हणत, त्या रोगाला आमच्या घरी ‘देवी’ म्हणत आणि शेजारच्या तेलुगू घरी ‘अम्मवारु’. हे दोन्ही शब्द आदरार्थी आहेत, हे लक्षात घ्यावे. ‘देवी आल्या’, ‘देवी गेल्या’ असे आपण म्हणत असू. रोगाचे नाव उच्चारायचे नाही. घरी आलेल्या मानकरणीचा उल्लेख करावा तसा करायचा, अशी ती रीत होती.

वस्तुतः देवी, गोवर आणि कांजिण्या हे तीन निरनिराळे रोग. ‘माधवनिदान’ या प्राचीन वैद्यकग्रंथातही मसूरिका आणि रोमांतिका यांचे वर्णन आढळते. परंतु घराला हा भेद फारसा ठाऊक नव्हता. तिन्हींची अधिष्ठात्री एकच, आणि तिघींचे पथ्यही बहुतांशी एकच. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा. परक्याने उंबरा ओलांडायचा नाही. पुरुषांनी दाढी करायची नाही. औषध द्यायचे नाही. आणि सर्वांत कडक नियम स्वयंपाकघरातला : तळण नाही, मोहरीची फोडणी नाही. फोडणीच्या चरचरण्याने देवीचा कोप होतो, अशी समजूत होती.

या आचाराला केवळ अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. त्यात विलगीकरण होते, विश्रांती होती आणि आईची अहोरात्र शुश्रूषाही होती. माझी तक्रार निराळी आहे. हे नियम मोडण्याची शक्यता ज्या जागी सर्वांत अधिक, ती जागा चूल. आणि चुलीपाशी घरात एकच व्यक्ती असे. त्यामुळे मूल बरे झाले तर ती देवीची कृपा ठरे आणि मूल दगावले वा अधू झाले तर तो आईचा प्रमाद ठरे. या रोगांचा कुटुंबांवरील सर्वांत खोल परिणाम कोणता असे मला विचाराल, तर मी हाच सांगेन.

हे मी ग्रंथ वाचून सांगत नाही. १९५८ साली आम्ही पैनगंगेकाठच्या एका खेड्यात राहत होतो. मी आठ वर्षांचा, धाकटी बहीण तिसऱ्या वर्षात. तिला गोवर आला. ‘गोवरच आहे, देवी नव्हेत,’ म्हणून घराने सुस्काराच टाकला. कारण देवीच्या तुलनेत गोवर म्हणजे प्रत्येक मुलाने एकदा चढायची पायरी, असेच सारे मानत. चौथ्या-पाचव्या दिवशी पाहुणे आले. त्यांना बाहेरच्या पडवीत वाढले. पण अळणी आमटी कशी वाढावी, म्हणून आईने चमचाभर तेलात मोहरी टाकली. पुरळ गेले, ताप उतरला आणि बहिणीच्या डाव्या डोळ्यात फूल पडले. आजी एवढेच म्हणाली, ‘मोहरी तडतडली तेव्हाच माझ्या मनात चर्र झालं होतं.’ त्यानंतर आईने जन्मभर मोहरी खाल्ली नाही.

आता त्या फोडणीचा न्याय करू.

१८४६ साली उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. पीटर पानुम या तरुण डॅनिश वैद्याने गावोगाव फिरून नोंदी केल्या. संसर्ग झाल्यापासून सुमारे तेरा-चौदा दिवसांनी पुरळ दिसते, हे त्याने दाखवून दिले. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, १७८१च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, ते वृद्ध पासष्ट वर्षांनंतरच्या या साथीत सुरक्षित राहिले. म्हणजे गोवर कोणाला येतो, हे पूर्वी तो कोणाला आला होता यावर ठरते. चुलीवर काय शिजले यावर नव्हे. शिवाय पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासूनच मूल हा रोग इतरांना देऊ लागते. दारावर कडुनिंब बांधला जाई, तोवर गोवर शेजारच्या अंगणात पोहोचलेला असे.

आणि डोळा? गोवरात शरीरातील जीवनसत्त्व ‘अ’ झपाट्याने खर्ची पडते. ते आधीच तोकडे असेल तर बुबुळ कोरडे पडते, त्यावर व्रण होतो आणि दृष्टी जाते. आजारात मुलाला दूध, भाजी, तूप तोडणारे पथ्य या उणिवेत भरच घाली. आज गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस या जीवनसत्त्वाची मात्रा देतात. पोषणशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९५८ सालीच, म्हणजे बहिणीच्या आजाराच्याच वर्षी, कुन्नूरहून हैदराबादला आली, हा योगायोग मला नेहमी बोचतो. मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. आमच्या घराला बारा वर्षांचा उशीर झाला होता.

लसीचा इतिहासही असाच उशिरांचा आहे. देवीची लस भारतात प्रथम मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली आणि पुढे एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती देशात पसरली. तरीही देशातून देवी हटण्यास १९७५ साल उजाडले. ८ मे १९८० रोजी सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. गोवराची लस १९६३ साली अमेरिकेत निघाली; आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ती १९८५ पासून आली, दुसरी मात्रा २०१० पासून. २०१७च्या ऑगस्टमध्ये तेलंगणात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, तेव्हा शाळाशाळांतून मुलांच्या रांगा लागल्या. तरीही २०२२च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीसारख्या दाट वस्तीत, गोवराने बालकांचे बळी घेतले. देवी गेल्या; पण ‘गोवर काय, सगळ्यांनाच येतो’ हे वाक्य मागे राहिले. भीतीचा शब्द गेला आणि बेफिकिरीचा शब्द टिकला, असे मी भाषेचा अभ्यासक या नात्याने म्हणेन.

जीवनसत्त्वाची ही माहिती मला पुष्कळ उशिरा, नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मिळाली. सुटीत घरी गेल्यावर मी आईला सारे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, ‘असेल बाबा, तू शिकलेला आहेस. पण फोडणी मीच दिली होती ना?’ पुढे तिने ताटातली चटणी बाजूला सारली; तीत मोहरी होती.

पस्तीस-चाळीस वर्षे मुरलेला दोष एका दुपारच्या शास्त्राने धुतला जात नाही, हे मला त्या दिवशी कळले. दोष वेळेवर दूर करायचा असतो, लसीप्रमाणेच. गुरुजींनी ते ओळखले असावे. आम्ही तालुक्याच्या गावी आल्यावर बहिणीला या शाळेत घातले, तेव्हा त्यांनी तिला फळ्यासमोरच्या बाकावर बसवले आणि आईला बोलावून, आम्हां मुलांदेखत म्हटले, ‘बाई, यात तुमचा काही अपराध नाही.’ त्यांच्याजवळ ना पानुमचा ग्रंथ होता, ना प्रयोगशाळेचा अहवाल. आईला मोहरी परत मिळाली नाही हे खरे. पण त्या दिवशी घरी जाताना तिने बहिणीचा हात धरला होता, आणि तिचा पदर डोळ्यांवर नव्हता. बहिणीने पुढे एका डोळ्यावर संसार केला, दोन मुले वाढवली, दोघांनाही वेळेवर लस टोचली. हे तिच्याच अनुमतीने सांगतो आहे.

आपल्यापैकी कित्येकजण आज डॉक्टर, शिक्षक, आरोग्यसेवक आहेत. आजही टोचणी राहून गेलेले मूल समोर आले की प्रथम प्रश्न आईलाच विचारला जातो : कार्ड कुठे आहे, तारीख का चुकवली? तो प्रश्न विचारण्यापूर्वी ती किती कोस चालून आली आणि त्या दिवसाची मजुरी तिने सोडली काय, हे विचारावे. लस अवश्य टोचावी. मात्र तिच्याबरोबर गुरुजींचे ते एक वाक्यही त्या आईला द्यावे. एवढीच या स्मृतिदिनी माझी विनंती आहे.