एकट्याने गुहासंशोधन : ओढ आणि जोखीम

३० जानेवारी १९२५. अमेरिकेतील केंटकी राज्यात फ्लॉइड कॉलिन्स नावाचा ३७ वर्षांचा गृहस्थ हातात कंदील घेऊन एका अरुंद बिळात एकटाच शिरला. आत बरेच पुढे गेल्यावर कंदिलाची ज्योत मंदावू लागली, तेव्हा तो मागे फिरला. परतीच्या वाटेवर एका चिंचोळ्या फटीतून सरपटताना कंदील कलंडून विझला आणि अंधारात पायाचा धक्का लागून निखळलेला एक दगड त्याच्या डाव्या पायावर अडकून बसला. पुढे त्या दगडाचे वजन केले गेले, तेव्हा ते जेमतेम १२ किलो भरले. एरवी कोणीही उचलून बाजूला ठेवावा असा तो दगड. पण कॉलिन्सचे हात तेथवर पोहोचत नव्हते आणि त्याच्यामागे दुसरे कोणीही नव्हते.

एकट्याने गुहेत जाण्याचा विषय निघाला की जगभरचे गुहासंशोधक आजही याच घटनेचा दाखला देतात. कारण स्पष्ट आहे. कॉलिन्स नवखा नव्हता. १९१७ साली त्याने ‘ग्रेट क्रिस्टल केव्ह’ ही देखणी गुहा शोधून काढली होती आणि त्या परिसरातील जमिनीखालच्या वाटांची त्याच्याइतकी जाण फार थोड्यांना असेल.

‘गुहा’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा अजिंठा, वेरूळ किंवा कार्ले येते. पण ती लेणी. छिन्नी-हातोड्याने काळ्या पाषाणात कोरलेली, मोजून-मापून घडवलेली. येथे ज्यांचा विचार चालला आहे त्या गुहा प्रामुख्याने चुनखडीच्या खडकातल्या. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साईड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि हजारो-लाखो वर्षे खडक विरघळवीत वाट काढत राहते. अशा गुहेला आराखडा नसतो. एखादे दालन देवळाच्या सभामंडपाएवढे असते, तर त्यालगतच्या फटीतून श्वास सोडून छाती आत घेतल्याखेरीज पुढे सरकता येत नाही.

मग माणूस तेथे एकटा का जातो? याचे एक उत्तर फ्रान्समधील नॉर्बेर कास्तेरे याच्या धाडसात मिळते. १९२२ साली पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी माँतेस्पाँ येथे डोंगरातून बाहेर पडणाऱ्या एका झऱ्याच्या उगमाकडे तो एकटाच आत गेला. पुढे छत पाण्याला टेकले. कास्तेरेने मेणबत्त्या आणि काडेपेटी रबरी टोपीत जपून ठेवली, श्वास रोखून बुडी मारली आणि पलीकडे हवा असेल या केवळ भरवशावर तो पुढे गेला. हवा होती. पुढल्या वर्षी तो आँरी गोदँ या मित्रासह परत आला, तेव्हा अश्मयुगीन माणसाने मातीत घडवलेले बिनडोक्याचे अस्वल त्यांना तेथे आढळले. हजारो वर्षांत ज्या जागी पाऊल पडले नव्हते तेथे पहिले पाऊल आपले असावे, ही ओढ किती जबर असू शकते हे त्यावरून कळावे. पृथ्वीच्या पाठीवर आता अशी जागा मिळणे कठीण. पोटात मात्र ती अजूनही मिळते. तथापि, पाण्यापलीकडे हवा नसती तर कास्तेरे कोठे गेला हे कळायलाही कित्येक दिवस लागले असते, हेही विसरता येत नाही.

दुसरी ओढ निवांतपणाची. गुहेतील अंधार हा रात्रीच्या अंधारासारखा नसतो. डोळे कितीही सरावले तरी तेथे काहीही दिसत नाही. शांतताही तशीच. मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने १९६२ साली, वयाच्या २३ व्या वर्षी, स्कारासाँ येथील भूगर्भात घड्याळाविना दोन महिने एकट्याने काढले. १४ सप्टेंबरला प्रयोग संपल्याचे त्याला सांगण्यात आले, तेव्हा त्याच्या हिशेबी अजून २० ऑगस्टच उजाडला होता. जवळपास २५ दिवस त्याच्या मनातून गळून पडले होते. एकांताच्या समर्थनार्थ सिफ्रचे नाव हौसेने घेतले जाते. पण त्याच्याजवळ दूरध्वनी होता आणि गुहेच्या तोंडाशी त्याचे सहकारी रात्रंदिवस बसून होते, हा तपशील सांगताना बहुधा वगळला जातो.

कॉलिन्सला मात्र ना हौसेने एकटे नेले होते, ना विज्ञानाने. त्या काळी केंटकीत मॅमथ केव्ह पाहायला येणारे पर्यटक आपल्याकडे वळवण्यासाठी स्थानिक जमीनमालकांत जीवघेणी स्पर्धा होती. कॉलिन्सची क्रिस्टल केव्ह आडबाजूला पडत असे. म्हणून रस्त्याजवळची नवी गुहा शोधण्यासाठी त्याने काही शेतकऱ्यांशी करार केला होता. ‘सँड केव्ह’ म्हणून पुढे कुप्रसिद्ध झालेल्या बिळात त्याचे काम चालले होते ते यासाठी.

दुसऱ्या दिवशी तो परतला नसल्याचे ध्यानात आले. शोधणारे आत शिरले, पण त्यांची गाठ पडत होती ती कॉलिन्सच्या डोक्याशी व खांद्यांशी. अडकलेला पाय त्याच्या शरीरापलीकडे, खोल बाजूला होता आणि त्याला ओलांडून जाण्याइतकी जागा नव्हती. लुइव्हिलच्या ‘कुरिअर जर्नल’चा विल्यम मिलर हा शरीराने लहानखुरा बातमीदार वारंवार आत जाऊन त्याला खाऊ घालत होता, त्याच्याशी बोलत होता. त्या वार्तांकनासाठी मिलरला १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. बाहेर हजारोंची गर्दी लोटली, खाद्यपदार्थांचे ठेले लागले, जत्राच भरली. ४ फेब्रुवारीला वाटेतले छत कोसळले आणि अन्न पोहोचवणेही थांबले. बाजूने सुमारे १७ मीटर खोल विवर खणून बचाव पथक १६ फेब्रुवारीला त्याच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा सारे संपले होते. त्याच्यामागून, पायांच्या बाजूने, एखादा सोबती सरपटत येत असता तर तो दगड कदाचित पहिल्या दहा मिनिटांतच हलला असता.

गुहेतील मृत्यू नेहमी मोठ्या आपत्तीनेच येतो असे नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. मुरगळलेला घोटा रस्त्यावर किरकोळ ठरतो; भुयारात तोच एकट्या माणसाला जागीच खिळवतो. त्यानंतर सुरू होते ती थंडी. गुहेचे तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीइतके असते. केंटकीत ते १२-१३ अंश सेल्सिअस भरते. ऐकायला हे सुखद वाटते. पण हवेत आर्द्रता जवळपास १०० टक्के असते, कपडे भिजलेले असतात आणि हवेच्या मानाने पाण्यातून उष्णता सुमारे २५ पट सहज वाहून जाते. हालचाल थांबलेले शरीर काही तासांत गारठते, आणि गारठलेला मेंदू चुकीचे निर्णय घेऊ लागतो. सोबत कोणी असेल तर बोबडी वळलेली किंवा पावले अडखळलेली त्याला दिसतात. स्वतःची स्वतःला दिसत नाहीत. उभ्या विवरात दोरावर निश्चल लटकलेला माणूस तर काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकतो. याखेरीज दूर कोठेतरी पडलेल्या पावसाने अचानक चढणारे पाणी, कोंदट भागात साचलेला कार्बन डायऑक्साईड, वटवाघळांच्या विष्ठेतून फुप्फुसात शिरणारी हिस्टोप्लाज्मोसिसची बुरशी, हे धोके आहेतच.

सोबत असली म्हणजे सारे निर्धोक होते, असा भ्रम मात्र नसावा. २००९ साली अमेरिकेतील युटा राज्यात ‘नटी पटी’ गुहेत एक तरुण खाली डोके अशा अवस्थेत अडकला. आप्त बरोबर होते, मोठे बचाव पथकही आले. तरीही एका दिवसाहून अधिक काळच्या झुंजीनंतर तो मरण पावला आणि ती गुहा कायमची बंद करण्यात आली. उलट उदाहरण जर्मनीतील रीझेंडिंग गुहेचे. जून २०१४ मध्ये सुमारे १००० मीटर खोलीवर दगड डोक्यावर पडून एक अनुभवी संशोधक गंभीर जखमी झाला. ते तिघे होते. एक जखमीजवळ थांबला, दुसरा सुमारे १२ तास चढून बाहेर आला आणि त्याने खबर दिली. त्यानंतर अनेक देशांतील ७०० हून अधिक जणांनी खपून ११ दिवसांनी जखमीला जिवंत वर आणले. तोच संशोधक एकटा असता तर पहिली खबर द्यायलाच कोणी नव्हते.

अनुभवी मंडळी किमान चौघांचा गट असावा असे सांगतात, ते याच हिशेबाने : एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोघे मदतीसाठी बाहेर. प्रत्येकाजवळ तीन स्वतंत्र दिवे आणि परतण्याची वेळ ठाऊक असलेला, ती टळताच हालचाल करणारा एक माणूस वर, हे दंडक त्याच्याच जोडीला येतात. भारतात या छंदाचे माहेरघर मेघालय. तेथे खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात आणि क्रेम लिआत प्राह ही गुहा ३० किलोमीटरहून अधिक लांब आहे. १९९२ पासून तेथे ‘मेघालय अॅडव्हेंचरर्स असोसिएशन’च्या पुढाकाराने देशी-परदेशी संशोधकांच्या मोहिमा निघत आल्या आहेत, त्या कोरड्या हंगामात आणि गटानेच. सह्याद्रीत एकट्याने गड चढणाऱ्यांनी तो अनुभव जमेस धरून मेघालयात शिरू नये, असे आम्हांला वाटते. डोंगरावर वाट चुकली तरी आकाश दिसते, हाक कोठेतरी पोहोचते.

कॉलिन्सच्या मृतदेहाच्याही नशिबी स्वस्थता नव्हती. १९२७ साली क्रिस्टल केव्ह विकली गेल्यावर नव्या मालकाने तो काचेच्या झाकणाच्या पेटीत पर्यटकांसाठी मांडला. १९२९ साली तो चोरीला गेला आणि सापडला तेव्हा एक पाय गायब होता. दफनभूमीत त्याला जागा मिळाली ती १९८९ साली. त्याआधीच, ९ सप्टेंबर १९७२ रोजी, क्रिस्टल केव्ह ज्या फ्लिंट रिज गुहाजालाचा भाग आहे ते मॅमथ केव्हला आतून जोडलेले असल्याचे सिद्ध झाले. या जालाची मोजलेली लांबी आज ६८० किलोमीटरहून अधिक असून ते जगात सर्वांत लांब आहे. तो दुवा शोधणाऱ्या तुकडीत सहा जण होते.