दहावीनंतरची गाडी

मार्च 1975 मध्ये महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. तोवर शाळा अकरावीपर्यंत असे आणि त्यानंतरच कॉलेजचं तोंड दिसे. 10+2+3 आलं आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलं वर्षभर आधीच गणवेशातून सुटून ‘ज्युनिअर कॉलेजा’त दाखल होऊ लागली. त्याच्या तीन वर्षं आधी, 1972 मध्ये, फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली होती: इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या मोपेडवर बेतलेली, 50 सीसीची, पायडल असलेली हलकी गाडी. शिक्षण खातं आणि अहमदनगरचा कारखाना यांनी मिळून काही ठरवलेलं नव्हतं. तरी पुढची तीसेक वर्षं शहरी मराठी घरांत दहावीचा निकाल आणि गाडी यांची जी सांगड बसली, ती या दोन घटनांमुळे.

पुण्यात ही सांगड सर्वांत स्पष्ट दिसते, कारण चाकावर बसलेल्या विद्यार्थ्यांचा इतका जुना इतिहास दुसऱ्या मराठी शहराला क्वचितच असेल.

चाकाच्याही आधीचा पुण्याचा विद्यार्थी पायी चालत होता. फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपून महर्षी कर्वे हिंगण्याच्या आश्रमाकडे पायीच जात, तिथे मुलांनी वेगळं काही करण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरगावाहून आलेली गरीब मुलं माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. आठवड्याचे सात वार म्हणजे सात घरं, आणि रोजचा रस्ता वेगळा. शाळा, वाडा, तालीम, नदीकाठ सगळं पेठांच्या आत असल्यामुळे मुलाची ओळखही पेठेपुरतीच राही.

सायकलीने ती हद्द मोडली. आधी रॅले, हंबर, बीएसए अशा विलायती सायकली होत्या, पण त्या वकील-डॉक्टरांनाच परवडत. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले, 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, 1956 मध्ये लुधियानाला हीरो, आणि सायकल कारकुनाच्या घरात आली. ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्यासाठी गल्लोगल्ली तासावर सायकली देणारी दुकानं होती. वडिलांची मोठी सायकल काढायची, सीटवर बसता येत नाही म्हणून नळीखालून पाय घालायचा आणि अर्ध्या पायडलवर लटपटत शिकायचं, हा कित्येक पिढ्यांचा पहिला प्रवास. गुडघे फुटत, पण पाचवी-सहावीतलं मूल त्या दिवसापासून हाकेच्या बाहेर जाऊ शके.

त्या सायकलीला नियमही होते. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट नेलं तर पोलीस अडवत. आधी रॉकेलची चिमणी होती, नंतर चाकाला घासून चालणारा डायनॅमो आला. चौक जवळ आला की मागच्याने टुणकन उतरून चालू लागायचं आणि चौक ओलांडला की पुन्हा बसायचं, ही युक्ती शाळेत कुणी शिकवली नाही तरी सगळ्यांना येत होती.

सायकलीच्या वेगाचं माणसांच्या नात्यांशी फार घट्ट नातं आहे. त्या वेगात बोलता येतं. तिघं-चौघं शेजारी-शेजारी चालवत शाळेपासून घरापर्यंत एखादा सिनेमा किंवा क्रिकेटचा सामना सविस्तर सांगू शकत. एकाची चेन उतरली की सगळे थांबत. पंक्चर झालं तर ते निघेपर्यंत दुकानासमोरच अड्डा जमे. मैत्री जमण्यासाठी वेगळी वेळ काढावी लागत नव्हती, जाण्यायेण्यातच ती होऊन जाई.

मुलींच्या बाबतीत सायकलीचं मोल त्याहून मोठं होतं. हुजूरपागेसारखी मुलींची शाळा 1884 पासून शहरात होती, पण सोबतीशिवाय शाळेपर्यंत जाणं हा वेगळा मुद्दा होता. लेडीज सायकलीला मधली आडवी नळी नसे; साडी किंवा परकर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी आणि चेनला पूर्ण कव्हर असे. या साध्या सुधारणांमुळे कोणत्याही भाषणाविना हजारो मुली एकट्या घराबाहेर पडू लागल्या. पुण्याच्या इतिहासात याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, हे योग्य नाही.

मग शहरच पसरलं. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधली घरं वाहून गेली आणि अनेक कुटुंबं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. शाळा पेठेत राहिली, घर टेकडीच्या पायथ्याशी गेलं. तिकडे आकुर्डीत बजाजचा कारखाना उभा राहिला, पण त्याच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि ती मिळाली की वडिलांची होई. मुलांच्या वाट्याला सायकलच.

लुनाने ही कोंडी फोडली. वजनाला हलकी, गिअर नाहीत, पेट्रोल संपलं तर पायडल मारत पंपापर्यंत नेता येई. सायकल येणाऱ्याला ती वेगळी शिकावीच लागत नसे. अकरावीतली मुलगी आता सकाळी शिकवणी, मग कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल आणि संध्याकाळी गाण्याचा क्लास अशा शहराच्या चार टोकांना एका दिवसात पोचू शकत होती. तिच्या मैत्रिणी एका आळीतल्या राहिल्या नाहीत. मात्र घोळक्याने जाणं संपलं. आता प्रत्येकजण आपापल्या वेळेला निघून ठरलेल्या जागी भेटू लागला, आणि म्हणूनच कट्टा महत्त्वाचा झाला. फर्ग्युसन रस्त्यावरचं ‘वैशाली’, डेक्कनवरचं ‘गुडलक’, कॉलेजचं पार्किंग या जागांना त्या काळात जी किंमत आली, ती गाडीमुळे आली.

कायद्यानेही या वयाला जागा दिली होती. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 4 नुसार गाडी चालवायला 18 वर्षं पूर्ण हवीत, पण 50 सीसीपर्यंतची दुचाकी 16 व्या वर्षी चालवता येते. दहावी आणि सोळावं वरीस जवळपास एकाच वेळी येत असल्यामुळे निकाल, परवाना आणि गाडी एकाच उन्हाळ्यात घरात येत. पुढे बजाजची सनी, टीव्हीएसची स्कूटी आणि 2001 मध्ये होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली. सनी सुमारे 60 सीसीची, अ‍ॅक्टिव्हा 100 सीसीच्या वरची. म्हणजे सोळा वर्षांच्या हातात ज्या गाड्या प्रत्यक्षात आल्या त्या कायद्यात बसतच नव्हत्या. पालकांना ते ठाऊक होतं, क्लासच्या दारातल्या गाड्यांच्या रांगा सगळ्यांनाच दिसत होत्या. याच काळात पुण्याच्या मुलींनी डोळे सोडून अख्खा चेहरा स्कार्फने गुंडाळायला सुरुवात केली. कारण ऊन आणि धूर, हे खरंच. पण ओळखीच्या काकांना आपण कुणासोबत चाललो हे कळू नये, ही सोयही त्यात होती आणि ती मुलींना हवी होती.

लुनाचं उत्पादन थांबलं आणि 50 सीसीच्या गाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. कायद्यातली सवलत राहिली, तिच्यात बसणारी गाडी उरली नाही. 2019 च्या दुरुस्तीने कलम 199 अ आलं. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालील गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. शिक्षा आवश्यकच आहे. अपघातात गेलेली कोवळी मुलं प्रत्येक शहराने पाहिली आहेत. पण ज्या रस्त्यांवरून सायकल हाकलली गेली, तिथे सोळा वर्षांच्या मुलाने कसं जावं, याचं उत्तर शहराने दिलेलं नाही. परिणामी रिक्षाकाका आणि व्हॅनकाकांसोबत वाढलेलं मूल अकरावीतही आईच्या स्कूटरवर मागे बसून क्लासला जातं. पुण्यात 2022 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने विद्यार्थ्यांना 30 टक्के सवलत दिली आहे. वनाज ते डेक्कन या टप्प्यावर आता पाठीवर सॅक घेतलेले घोळके पुन्हा एकत्र प्रवास करताना दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

गावांकडे ही गोष्ट निराळीच घडली. तिथे दहावीनंतर गाडी म्हणजे एसटी, जिची पहिली फेरी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर झाली. विद्यार्थ्यांना पासात दोन तृतीयांश सवलत आणि अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना मोफत पास यांमुळे तालुक्याचं ज्युनिअर कॉलेज आवाक्यात आलं. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळ्या बस धावू लागल्या, शाळेजवळच्या मुलींना सायकली मिळाल्या. स्टँड हीच या मुलामुलींची भेटण्याची जागा झाली. या व्यवस्थेवर किती भार आहे, हे संपाच्या काळात कळलं. करोनानंतर ऑक्टोबर 2021 मध्ये शाळा उघडल्या आणि लगेच एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत लांबला. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर ट्रिपलसीट बसून जाऊ शकत होते, मुलींना घरी राहावं लागलं.

कबड्डीचा सराव, गॅदरिंगची तालीम, प्रयोगशाळेतला जादा तास यांपैकी मुलींना काय करता येईल, हे अजूनही परतीच्या शेवटच्या गाडीच्या वेळेवर ठरतं. मुली आगारप्रमुखांना निवेदनं देतात, आणि बहुतेक निवेदनांत मागणी एकच असते: आमच्या गावची गाडी शाळेच्या वेळेला सोडा.